आधी सांग, मग सरकव: मुलांना गणित शिकवताना ऑनलाइन साधनं कशी वापरायची

चौथीतली एक मुलगी माझ्याकडे गणितासाठी यायची. एका अॅपवरच्या अपूर्णांकांच्या खेळात तिला दहापैकी दहा मिळाले, आणि ते दाखवायला ती धावतच आली. प्रश्न असे होते: १/३ मोठा की १/४? १/५ मोठा की १/८? सगळी उत्तरं बरोबर. मी कागदावर २/३ आणि ३/४ लिहिलं आणि यातला मोठा कुठला ते विचारलं. तिनं लगेच २/३ वर बोट ठेवलं.

"का गं?"

"छेद लहान असला की अपूर्णांक मोठा असतो."

अॅपनं तिला चुकीचं काही शिकवलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नात अंश १ च होता, त्यामुळे तिचा नियम दहाही वेळा चालला आणि दहाही वेळा हिरवी खूण उमटली. हा नियम कुठपर्यंत चालतो, असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं, एवढंच.

घरी मुलाचा अभ्यास घेणारे आईबाबा, नव्यानं शिकवायला लागलेले शिक्षक, फावल्या वेळात मुलांना शिकवणारे ताई-दादा, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. ऑनलाइन साधनं आज इतकी आहेत की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. मी इतक्या वर्षांत एकच गोष्ट पक्की धरून ठेवली आहे: मुलानं पडद्यावर काही हलवण्याआधी काय होईल ते तोंडानं सांगायचं, आणि हलवून झाल्यावर तसं का झालं तेही सांगायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

सुरुवातीला एक फरक ओळखा

गणिताची ऑनलाइन साधनं ढोबळमानानं दोन जातींची असतात. पहिली सराव करून घेणारी: प्रश्न येतो, मूल उत्तर देतं, बरोबर की चूक ते कळतं, गुण मिळतात. खान अकॅडमीवरचे सरावसंच या जातीचे. दुसरी हाताळायची साधनं. त्यांत पट्ट्या, ठोकळे, संख्यारेषा, तराजू, बिंदू, कोन असं काहीतरी मुलाच्या हाती दिलेलं असतं आणि ते हलवलं की बाकीचं बदलतं. फेट, पॉलीपॅड, जिओजेब्रा, डेस्मॉस ही त्यातली नावं.

दोन्हींची कामं वेगळी आहेत. कल्पना अजून समजली नसेल तर हाताळायचं साधन घ्या. समजली आहे पण हात बसलेला नाही, तर सरावाचं. बहुतेक जण उलटं करतात. मूल अडलं की त्याला आणखी पन्नास प्रश्न सोडवायला बसवतात. त्यातून न समजलेली गोष्टच घट्ट बसते, आणि पुढे ती उकलायला दुप्पट वेळ लागतो.

पहिली पायरी: मूल कुठे अडलंय ते कागदावर शोधा

कुठलीही साइट उघडण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसा. "अपूर्णांक येत नाहीत" हे निदान फार मोघम आहे. नेमकं काय येत नाही ते दोन-चार प्रश्नांत कळतं. मी हे विचारते:

३०५ − १२८ किती? उत्तर २२३ आलं तर मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. शतक सुटं करून दहा दशक होतात, हे त्याच्या डोळ्यांसमोर नाही. त्याला दशक-शतकाचे ठोकळे हवेत.

०.४ मोठा की ०.३५? "०.३५, कारण ३५ मोठे" असं उत्तर आलं तर दशांश चिन्हानंतरचा भाग ते पूर्ण संख्येसारखा वाचतंय. त्याला संख्यारेषा हवी, जवळ जाऊन पाहता येईल अशी.

८ + ४ = □ + ५, चौकटीत काय येईल? या प्रश्नावर मोठी मुलंसुद्धा अडखळतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी हा प्रश्न सहावीच्या १४५ मुलांना दिला होता. १९९९ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखाप्रमाणे सगळ्यांनी १२ किंवा १७ असंच उत्तर दिलं. बरोबर उत्तर ७. मुलांना बरोबर (=) या चिन्हाचा अर्थ "आता उत्तर लिही" असा वाटतो, "दोन्ही बाजू सारख्या" असा वाटत नाही. अशा मुलाला तराजूचं साधन हवं. बीजगणिताकडे वळण्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर समीकरणं म्हणजे आकडे इकडून तिकडे नेण्याची जादू होऊन बसते.

प्रत्येक उत्तरानंतर "कसं काढलंस?" हे विचाराच, उत्तर बरोबर असलं तरी. फक्त चुकल्यावरच विचारलं तर मुलाला कळतं की हा प्रश्न म्हणजे चूक झाली, आणि ते लगेच उत्तर खोडायला लागतं.

दुसरी पायरी: एकच साधन निवडा

अडचण कळली की तिच्यासाठी एक साधन. पाच साइट, तीन अॅप आणि व्हिडिओंची रांग नको. दर वेळी नवं साधन आणलं तर मुलाची सगळी शक्ती बटणं शोधण्यात जाते.

ही काही भरवशाची साधनं, मी ज्या कामासाठी वापरते त्या क्रमानं:

लहान मुलांसाठी आणि प्राथमिक गणितासाठी मॅथ लर्निंग सेंटर या ना-नफा संस्थेची मोफत अॅप्स मला फार आवडतात. दहाच्या चौकटी, संख्यारेषा, दशक-शतकाचे ठोकळे, रबरबँड लावायचा खिळ्यांचा फळा, असं एकेक अॅप एकेका कामापुरतं आहे. पडदा मोकळा, मध्ये उड्या मारणारी चित्रं नाहीत.

अपूर्णांकांच्या पट्ट्या, बीजगणिताच्या फरशा, तराजू हे सगळं एकाच मोकळ्या पटावर हवं असेल तर पॉलीपॅड.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प. २००२ साली तो सुरू केला कार्ल वायमन यांनी. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, पण आता गणिताचीही बरीच सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, तिथे आहेत: 'फ्रॅक्शन्स: इंट्रो', 'एरिया बिल्डर', 'नंबर लाइन: इंटिजर्स', 'इक्वॅलिटी एक्सप्लोरर'. काही मराठीतही आहेत. सिम्युलेशन उतरवून ठेवलं तर नंतर इंटरनेटशिवाय चालतं, हा मोठाच आधार आहे.

भूमितीसाठी जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना त्याचं काम सुरू केलं. आलेखांसाठी डेस्मॉस. आणि विचार करायला लावणारी कोडी हवी असतील तर केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा १९९६ पासून चालू असलेला उपक्रम.

यांच्या बाहेरचं एखादं साधन कुणी सुचवलं तर ते पारखायला माझे तीन प्रश्न आहेत. मुलाला यात चूक करता येते का, आणि चूक केली की काही *दिसतं* का? नुसती लाल फुली दिसत असेल तर त्यातून काही शिकता येत नाही. तराजू कलला, पट्टी पुढे गेली, चौरस वाकडा झाला, तर येतं. दुसरा, घड्याळ बंद करता येतं का? वेळेच्या धाकात मूल विचार सोडून अंदाज ठोकायला लागतं. तिसरा, मुलाकडून काय काय मागितलं जातं? वर सांगितलेली बहुतेक हाताळायची साधनं खातं न उघडता वापरता येतात. खातं लागणारच असेल तर ते मोठ्यांच्या ईमेलवरून उघडा. मुलाचं पूर्ण नाव, फोटो, शाळेचं नाव कुठेही भरू नका.

तिसरी पायरी: आधी स्वतः वीस मिनिटं खेळा

ही पायरी गाळली की बसलेला तास फुकट जातो, हे मी अनुभवानं सांगते. मुलासमोर बसून "थांब हं, कुठे गेलं ते बटण" असं दोनदा झालं की त्याचं लक्ष उडालंच.

स्वतः खेळताना मुद्दाम चुकीचं करून बघा. पट्टी भलतीकडे ठेवा, ऋण संख्या घाला, छेद शून्य करून बघा. मूल हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत करणारच आहे. पडद्यावरच्या कुठल्या गोष्टी मुलाला आज लागणार नाहीत तेही पाहून ठेवा आणि लपवता येत असतील तर लपवा. उत्तर आपोआप दाखवणारा आकडा तर नक्की लपवा. फेटच्या बऱ्याच सिम्युलेशनमध्ये अशा गोष्टी चालू-बंद करता येतात.

ज्या उपकरणावर मूल बसणार त्याच उपकरणावर हे करा. फोनच्या छोट्या पडद्यावर बोटाखाली अख्खा अपूर्णांक झाकला जातो. टॅबलेट किंवा संगणक असेल तर उत्तम, नसेल तर फोन आडवा धरून चालतं का ते बघा. आणि जुन्या यादीतून साधन उचललं असेल तर ते अजून चालतं का हेही पाहा. ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर २०२० च्या अखेरीस बंद झालं, आणि त्यावर बनवलेले गणिताचे कितीतरी सुंदर खेळ त्याच्यासोबत गेले.

चौथी पायरी: आधी हातात, मग पडद्यावर

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलं की माणूस एखादी गोष्ट तीन रूपांत धरून ठेवतो: कृतीतून, चित्रातून आणि चिन्हांतून. पडद्यावरची पट्टी हे चित्र आहे. बोटानं सरकवता येतं, तरी चित्रच. म्हणून अपूर्णांकांची पट्टी पडद्यावर दाखवण्याआधी कागदाची पट्टी दुमडू द्या. तीन सारखे भाग करताना मुलाची जी तारांबळ उडते, भाग सारखे होत नाहीत, ते पुन्हा उलगडतं, त्यात "समान भाग" या शब्दाचा अर्थ आहे. पडद्यावर भाग आयतेच सारखे मिळतात.

यासाठी दहा मिनिटं पुरतात. मोठ्या मुलांना बहुतेक वेळा याची गरज पडत नाही, पण ऋण संख्या शिकवताना मी सातवीच्या मुलांनाही जमिनीवर रेषा आखून मागे-पुढे चालायला लावते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष बसणं

इथे सावकाश जाऊ, कारण खरं काम इथेच आहे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीबरोबर पुढच्या वेळी काय झालं ते सांगते.

कागदाच्या पट्ट्या दुमडून झाल्या होत्या. पॉलीपॅडवर तिनं १ ची एक लांब पट्टी ठेवली, तिच्याखाली १/३ च्या तीन, त्याखाली १/४ च्या चार. तिन्ही ओळी सारख्या लांबीच्या.

मी म्हटलं, "आता तीनवाल्या ओळीतला एक तुकडा काढायचाय आणि चारवाल्या ओळीतलाही एक. अजून हात लावू नकोस. काढल्यावर कुठली ओळ लांब राहील?"

"तीनची."

"वहीत लिहून ठेव."

तिनं '३ ची' असं लिहिलं. मग तुकडे काढले. चारची ओळ पुढे गेलेली होती. तिनं तुकडे परत ठेवले आणि पुन्हा काढले, जणू पहिल्यांदा काहीतरी चुकलं असणार. मी काहीच बोलले नाही. मनात आकडे मोजत राहिले, कारण अशा वेळी गप्प राहणं मला फार जड जातं. पंधरा-वीसपर्यंत पोचले असेन.

"ताई, तीनमधून मोठा तुकडा गेला."

"मोठा? कसा काय?"

"१/३ मोठा असतो ना १/४ पेक्षा. मोठा गेला म्हणून कमी उरलं."

तिचा तो जुना नियम, 'छेद लहान तर अपूर्णांक मोठा', टाकून द्यायची गरजच पडली नाही. एक भाग असेल तेव्हा तो खराच आहे, आणि इथे तिनं तो उरलेल्या भागाऐवजी गेलेल्या भागाला लावला. मी आधीच "बघ, चारची ओळ मोठी आहे" असं म्हटलं असतं तर तिला आणखी एक पाठ करायचा नियम मिळाला असता.

मग पडद्याला हात न लावता मी ५/६ आणि ७/८ विचारलं. "सहामधून एक गेला, आठमधून एक गेला, सहाचा तुकडा मोठा, म्हणून ७/८ मोठा." मगच पट्ट्या ठेवून पडताळा घेतला. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम ३/५ आणि ५/८ दिलं. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "यात दोन गेलेत आणि त्यात तीन. आता पट्ट्या लागतील." साधन कधी लागतं आणि कधी नाही हे ओळखायला ती स्वतःच शिकत होती.

बसताना मी चारच प्रश्न हाताशी ठेवते. काय होईल? कशावरून म्हणतेस? दुसरे आकडे घेतले तरी असंच होईल का? असं होणार नाही असं एखादं उदाहरण सापडतं का? शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत जास्त आवडतो. नियम मोडायला मिळतोय म्हटल्यावर एरवी गप्प बसणारं मूलही सरसावून बसतं.

माउस किंवा बोट कायम मुलाचं. तुम्हाला दाखवायची कितीही घाई झाली तरी त्याच्या हातून उपकरण घेऊ नका. अंदाज चुकला तर "चूक" हा शब्दही नको, "तुला वाटलं होतं हे, झालं ते. का बरं?" एवढं पुरतं. आणि अंदाज लिहून ठेवायला लावा, कारण न लिहिलेला अंदाज मूल नंतर गुपचूप बदलतं आणि "मला माहीतच होतं" म्हणतं.

वेळ? लहान मुलांना पंधरा मिनिटं, मोठ्यांना पंचवीस. मूल रंगलं असेल तर घड्याळ बघू नका.

सहावी पायरी: पडदा बंद, वही उघडी

शेवटची पाच मिनिटं पडद्याविना. आज काय केलं त्याचं चित्र मूल स्वतः काढेल, आणि खाली ते गणिताच्या चिन्हांत लिहील. हे झालं नाही तर पडद्यावरचं पडद्यावरच राहतं. तराजू सरकवून □ + ५ = १२ सहज सोडवणारं मूल वहीत तेच समीकरण ओळखत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. तराजूचं चित्र वहीत काढायला लावलं, दोन्ही पारड्यांतून पाच-पाच खोडायला लावले, आणि प्रत्येक खोडण्यासमोर ओळ लिहायला लावली की दोन्ही जोडलं जातं.

सरावसंच यानंतर. समजलेल्या गोष्टीवर रोज दहा प्रश्न पुरे. पाढे आणि बेरीज-वजाबाकी तोंडी येणंही लागतंच. आकडेमोडीत सगळी शक्ती गेली तर विचाराला उरत नाही.

गुणांच्या रकान्यावर विसंबू नका

बरीच साधनं मोठ्यांना अहवाल देतात: इतके टक्के, इतकी मिनिटं, अमुक धडा पूर्ण. तो अहवाल वाचताना मला नेहमी बेनी आठवतो. बेनी हे टोपणनाव. अमेरिकेतल्या सहावीच्या या मुलाच्या मुलाखती स्टॅनली एर्लवांगर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केल्या. तेव्हा पडदे नव्हते. प्रत्येक मुलानं आपापल्या गतीनं पत्रिका सोडवायच्या, त्या उत्तरसूचीवरून तपासल्या जायच्या, ठरलेले गुण मिळाले की पुढचा टप्पा. बेनी भराभर पुढे जात होता आणि शिक्षकांच्या लेखी हुशार मुलांत होता. बोलल्यावर कळलं की तो २/१० चं दशांश रूप १.२ मानतो आणि ५/१० चं १.५. अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि मध्ये कुठेतरी चिन्ह द्यायचं, हा त्याचा नियम. त्याचं उत्तर सूचीशी जुळेना, तेव्हा आपलंही बरोबर आणि सूचीतलंही, फक्त लिहायची पद्धत वेगळी, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

आजचं अॅप त्या पत्रिकांपेक्षा देखणं आहे, पण बेनीला जे हवं होतं ते अॅपकडेही नसतं: "२/१० म्हणजे किती रे, चित्र काढून दाखव बरं" असं म्हणणारं माणूस. म्हणून आठवड्यातून एकदा अहवालातला *बरोबर आलेला* एक प्रश्न काढा आणि तो कसा सोडवला ते मुलाला सांगायला लावा.

वयाप्रमाणे कुठून सुरुवात करावी

पहिली-दुसरीच्या मुलांना दहाची चौकट, म्हणजे दहा खणांची चौकट, द्या. ८ + ५ करताना पाचातले दोन सरकवून आठाचे दहा होतात आणि तीन उरतात, हे हातानं केलेल्या मुलाला पुढे हातचा वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या मुलांना आणखी एक अडचण असते, ती आपल्या संख्यानामांची. 'एकोणसाठ' ऐकलं की कानावर 'साठ' पडतं आणि मूल ६९ लिहितं. संख्यारेषेवर त्याला ६० वर उभं करा आणि एक घर मागे यायला सांगा. एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला तिथे दिसतं. मग एकोणतीस, एकोणऐंशी मुलं स्वतःच शोधायला लागतात. इंग्रजीत बोलणारं अॅप इथे मदत करत नाही. आवाज बंद करा आणि संख्या तुम्ही मराठीत म्हणा.

तिसरी ते पाचवीला अपूर्णांक आणि क्षेत्रफळ. 'एरिया बिल्डर'वर १२ चौरस देऊन विचारा, आकार बदलला तर परिमिती बदलेल का? बहुतेक मुलं "नाही, चौरस तेवढेच आहेत" म्हणतात. मग ३ × ४ ची मांडणी १४ देते आणि २ × ६ ची १६. बारा चौरस एका ओळीत मांडले तर? हे वहीतल्या चौकटींवर काढू द्या, २६ येतात. १४ पेक्षा कमी करून दाखव म्हटलं की तासभर निघतो.

सहावीपासून पुढे जिओजेब्रा. मुलाला चौरस काढायला सांगा. ते चार बिंदू डोळ्यांच्या अंदाजानं ठेवेल आणि जोडेल. छान दिसेल. आता म्हणा, "एक बिंदू ओढ." चौरस कोलमडतो. मग चर्चा सुरू होते: ओढला तरी चौरसच राहील असा काढायचा तर त्याला काय काय सांगावं लागेल? चारही बाजू समान एवढं सांगितलं तर समभुज चौकोन वाकडा होतो. काटकोन लागतो. मूल लंब रेषा शोधतं, बाजूएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढतं, आणि अर्ध्या तासानंतर चौरसाची व्याख्या त्यानं स्वतः बांधलेली असते. भूमिती शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

ज्यांना संगणकाची ओढ आहे त्यांना स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा द्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं ती २००७ साली सर्वांसाठी खुली केली. मुळं मात्र १९६७ च्या लोगो या भाषेत आहेत, ज्यात मुलं आज्ञा देऊन कासव चालवायची. चालताना रेघ उमटवणारी पेनची जोड घेऊन "१०० पावलं चाल, ९० अंश वळ" हे चार वेळा म्हटलं की चौरस. समभुज त्रिकोणासाठी मूल ६० अंश वळवतं, आणि तीन वेळा वळूनही आकृती उघडीच राहते. त्याला उठवून जमिनीवर तोच त्रिकोण चालायला लावा. कोपऱ्यावर शरीर किती वळतं? १२० अंश. बाह्यकोन तिथे पायांना समजतो. तीन वळणांचे ३६०, चार वळणांचे ३६०, मग पंचकोनाला किती, हे ते तुम्हाला सांगेल. पाच टोकांचा तारा काढायला १४४ लागतात. ते सांगू नका, सापडू द्या.

आठवी-नववीला डेस्मॉसवर y = mx + c लिहून m आणि c यांना सरकपट्ट्या लावा. नियम तोच: m ऋण केला तर रेषा कशी होईल ते हवेत हात धरून दाखव, मग सरकव.

पडदा एक, मुलं तीस

वर्गात एकच प्रोजेक्टर असला तरी अडत नाही, उलट एका दृष्टीनं सोपं जातं. तुम्ही प्रश्न विचारा, प्रत्येकानं आपला अंदाज कागदावर लिहून वर धरायचा, आणि मगच पट्टी हलवायची. वेगवेगळे अंदाज आले तर हलवण्याआधी दोन बाजूंच्या मुलांना एकमेकांना पटवू द्या. हलवायला दर वेळी वेगळं मूल बोलवा, आणि त्यात नेहमी हात वर करणाऱ्यांना शेवटी.

साधन कधी काढून घ्यायचं

साधन सुटलं नाही तर कुबडी होतं. मी एक साधी खूण बघते. मुलाला डोळे मिटायला सांगते आणि विचारते, "३/४ ची पट्टी दिसतेय? आता त्यातून १/२ काढ. काय उरलं?" बोटं हवेत पट्टी सरकवतात, क्षणभर थांबतात, आणि "१/४" असं उत्तर येतं. असं तीन वेगवेगळ्या दिवशी झालं की त्या साधनाचा टॅब बंद करून पुढच्या कल्पनेकडे वळते. उत्तर आलं नाही, तर पट्ट्या परत काढतो आणि पुन्हा आधी सांगण्यापासून सुरू करतो.